शिवभोजन थाळी: हाताला काम नसलेल्याच्या बाजूने

दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, एक मूद भात. शासनाने ठरवलेल्या मापाने चपाती ३० ग्रॅमची, भाजी १०० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम. जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० ला सुरू केलेल्या शिवभोजन थाळीवर चवीपासून राजकारणापर्यंत पुष्कळ लिहून झालंय. हा अभिप्राय मात्र एका ठरावीक जेवणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. वर्ष-दीड वर्ष ज्याच्या हाताला धड काम नाही, आणि दुपारी घरी दिसलो तर शेजारीपाजारी काय म्हणतील या धास्तीने जो सकाळीच बाहेर पडतो, तो.

असा माणूस सरकारी आकड्यांत सहसा सापडत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक पद्धतीत, मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात मोजला जातो. रोजंदारीच्या कामासाठी माणसं जिथे उभी राहतात त्या मजूर नाक्यावर आठवड्यातून एक दिवस काम मिळालेला बिगारी त्या हिशेबाने कामावर असतो. वस्तीच्या हिशेबाने तो 'रिकामा' असतो, बायकोच्या जिवावर बसून खाणारा असतो. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी 'वडील काय करतात' याचं उत्तर द्यायला घरातले चाचरतात. बंद पडलेल्या कारखान्यातून पन्नाशीच्या आत-बाहेर घरी आलेले, भरतीची वयोमर्यादा उलटून गेलेले, नाक्यावर आता तरुण पोरांपुढे निवडले न जाणारे, असे सगळे यात आले. या लोकांना दुपारचं जेवण कुठे, कसं आणि कुणाच्या नजरेसमोर मिळतं हा साधा प्रश्न नाही.

जेवण घेण्यासारखं आहे, हे आधीच सांगतो. थाळी मिळते ते केंद्र निवडताना मात्र चवीपेक्षा जागा पाहावी. ते कसं, ते पुढे येईलच.

या सेवेत सगळ्यात मोलाचे आहेत ते दहा रुपये. थाळीचा ठरलेला दर शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये. त्यातले दहा जेवणारा देतो, उरलेले ४० किंवा २५ शासन केंद्रचालकाला अनुदान म्हणून देतं. दहा रुपये टाकले की माणूस गिऱ्हाईक होतो. भात कच्चा आहे असं तो म्हणू शकतो. वरण पातळ आहे म्हणून ताट परत करू शकतो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, कामाचा दाखला यांतलं काहीही दाखवावं लागत नाही, आणि दीर्घकाळ बेकार असलेल्याला ही सूट किती मोठी वाटते ते इतर योजनांशी ताडून पाहिल्यावर कळतं. बांधकाम कामगारांसाठी राज्यात मध्यान्ह भोजनाची योजना चालली. तिला मुळात बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी लागायची आणि नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. वर्षभरात ज्याला पन्नासच दिवस काम मिळालं त्याची भूक जास्त, पण दाखला नाही म्हणून तो बाहेर. शिवभोजनाने ही अट घातली नाही. तेवढ्यासाठी योजना आखणाऱ्यांचं मनापासून कौतुक करायला हवं.

करोनाच्या काळात थाळी आधी ५ रुपयांना केली गेली आणि २०२१ मध्ये काही महिने मोफत दिली. ते दिवस वेगळे होते. सगळेच घरी बसलेले, त्यामुळे कोण कुणाला विचारणार? पुढे ती पुन्हा १० रुपयांवर आली, ते योग्यच झालं. फुकट वाढणारा चौकशी करायला मोकळा होतो: कुठून आलास, काय करतोस, धडधाकट दिसतोस, मग काम का करत नाहीस? पैसे घेणाऱ्याला हे विचारण्याचं कारण उरत नाही. तरी काही केंद्रांवर वाढपी विचारतातच. चालकाने आपल्या माणसांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवावी, की जेवणाऱ्याला 'अजून भात हवा का' यापलीकडे प्रश्न नको.

आता फोटोबद्दल. गल्ल्यावर दहा रुपये दिले की नाव विचारलं जातं, बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबरही, आणि मोबाइलवरच्या शिवभोजन ॲपमध्ये जेवणाऱ्याचा फोटो घेतला जातो. अनुदान थाळीच्या संख्येवर मिळतं, म्हणून खोट्या थाळ्या दाखवल्या जाऊ नयेत यासाठी ही सोय. हेतू रास्त आहे. पण ताटावर बसलेल्या माणसासमोर कुणी मोबाइल धरला की त्याची मान खाली जाते, आणि हे कुठल्याही केंद्रावर पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. फोटो कुठे जातो, गावाकडचं कुणी बघेल का, पोराच्या शाळेत कळेल का, या शंका लोक बोलून दाखवतात. म्हणूनच काहीजण रांगेतून मागे फिरतात. हॉस्पिटलात दाखल झालेल्या बाईचा भाऊ फोटोला हसून उभा राहतो, कारण त्याच्याकडे इथे जेवण्याचं सांगता येण्यासारखं कारण असतं. बेकार माणसाकडे ते नसतं.

यावर काही केंद्रांनी काढलेला मार्ग चांगला आहे. फोटो ताटावर न घेता पैसे देतानाच खिडकीशी घेतात, मागच्याला दिसणार नाही असा मोबाइल धरतात, 'अनुदानासाठी मोजणी आहे, बाकी कुठे जात नाही' एवढं एक वाक्य सांगतात आणि टोकन हातात देतात. अर्धा मिनिट लागतो. जिथे नेटवर्क नाही तिथे अडचण होते. ॲप अडकतं, रांग थांबते, चालक 'नंतर काढू' म्हणतो आणि मग सगळे जेवत असताना एका झटक्यात फोटो घेत सुटतो. हाच प्रकार सर्वांत वाईट. केंद्रांवर सीसीटीव्ही बसवायला शासनाने सांगितलेलंच आहे. मोजणी टोकन आणि गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याने होत असेल तर प्रत्येक चेहरा वेगळा टिपायची गरज का राहावी, हे आम्हाला पटत नाही. खोटेपणा करणारा चालक तसाही एकच फोटो पुन्हा पुन्हा वापरायला बघतो. त्याला पकडायचं काम तपासणी अधिकाऱ्याचं आहे, त्याचा भार जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर नको.

जागेचं महत्त्व फार आहे. शासनाने केंद्रं एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, जिल्हा रुग्णालय, बाजारपेठ, शासकीय कार्यालयं अशा गर्दीच्या ठिकाणी असावीत असं म्हटलं, आणि या निर्णयाचा बेकारांना झालेला फायदा बहुधा कुणी मोजलेला नाही. स्टँडवर बसून खाणारा माणूस प्रवासी असू शकतो, रुग्णालयाबाहेरचा रुग्णाचा नातेवाईक असू शकतो, तहसीलसमोरचा सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी असू शकतो. तिथे दहा रुपयांची थाळी घेणं म्हणजे आपली परिस्थिती जाहीर करणं होत नाही. तेच केंद्र वस्तीच्या तोंडाशी असलं की दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी. वस्तीतल्या केंद्रावर हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी दिसतील, कारण त्यांच्याकडे सांगायला धंदा किंवा अभ्यास आहे. घरी बसलेला माणूस तिथे न जाता दोन किलोमीटर चालून स्टँडवर जातो. नव्या माणसाला सांगायचं तर हेच, की पहिल्या वेळी रुग्णालय किंवा स्टँडचं केंद्र निवडा. जेवण जवळपास सारखंच असतं आणि मनावरचं ओझं बरंच कमी होतं.

वेळ मात्र या माणसासाठी नीट बसत नाही. सुरुवातीला दुपारी १२ ते २ अशी वेळ होती, पुढे ती ११ ते ३ करण्यात आली. नाक्यावरचं गणित असं: सकाळी सात-आठला माणसं जमतात, ठेकेदार आणि मुकादम साडेनऊ-दहापर्यंत हवी तेवढी माणसं उचलतात, त्यानंतर उरलेल्यांचा भाव पडतो आणि अकराच्या सुमाराला आज काही नाही हे नक्की होतं. पोटात सकाळचा चहा-बिस्कीट. अकराला थाळी मिळाली तर हा माणूस वेळेत जेवतो. पण कागदावर अकरा असलं तरी अनेक ठिकाणी वरण-भात पूर्ण तयार व्हायला बारा वाजतात, आणि दिवसाच्या थाळ्यांना मर्यादा असते. सुरुवातीला ती एका केंद्राला ७५ ते १५० अशी होती. वर्दळीच्या केंद्रावर ठरलेल्या थाळ्या दीडच्या आत संपतात. तेव्हा साडेअकरा ते सव्वाबारा ही वेळ धरावी. दोननंतर गेलात तर भात आणि तळाचं वरण मिळालं तरी नशीब. संध्याकाळी काही नाही, आणि सुटे दहा रुपये सोबत असावेत, कारण पन्नासची नोट दिली की गल्ल्यावर अडून राहावं लागतं.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. काम सुटलेली घरकामवाली, बंद पडलेल्या युनिटमधली शिलाई कामगार, बांधकामावरची रेजा या केंद्रांवर फार कमी दिसतात. रस्त्याकडेच्या टेबलावर पुरुषांच्या घोळक्यात एकटीने बसून जेवणं नको वाटतं, आणि घरी पोरं उपाशी असताना आपण जेवून येणं त्याहून नको वाटतं. त्यांना पार्सल हवं असतं. करोनाच्या दिवसांत पार्सल मिळत होतं. एरवी थाळी केंद्रावर बसूनच खायची. नियमामागचं कारण समजतं, पार्सलमध्ये खोटी संख्या दाखवणं सोपं. तरीही लहान मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला दोन थाळ्या डब्यात द्यायची मुभा असायला हवी. बचत गटाच्या बायका चालवतात त्या केंद्रांवर ही अडचण थोडी हलकी होते. आत एका बाजूला बसायला जागा करून देतात, आणि वाढणारी बाईच असली की येणारीही बसते.

आता ताटाकडे. वर दिलेली मापं जोखली तर थाळीतून अंदाजे ५५० ते ६०० किलोकॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं मिळतात. भारतीय पोषण मापदंडांनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २१०० आणि कष्टाचं काम करणाऱ्याला सुमारे ३५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ही थाळी बसून असलेल्याची दिवसाची पाव गरज भागवते आणि उद्या नाक्यावर सिमेंटची गोणी उचलायची असलेल्याची जेमतेम सहावा हिस्सा. एका थाळीने पोट भरत नाही ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण मापातच आहे. काही केंद्रं भात दुसऱ्यांदा वाढतात, तो त्यांचा चांगुलपणा. स्वतःचं शेंगदाण्याचं पुडकं, उकडलेलं अंडं किंवा घरची चटणी नेली तर प्रथिनांची बाजू सुधारते आणि यावर कुणी हरकत घेताना दिसत नाही.

दर्जा कुठे ढासळतो ते स्वयंपाकघराच्या हिशेबातून कळतं. शंभर थाळ्यांना साधारण साडेचार किलो कणीक, पाच-साडेपाच किलो तांदूळ, दीड ते दोन किलो तूरडाळ, अकरा-बारा किलो भाजी आणि किलो-सव्वा किलो तेल लागतं. सामान भागवता येतं. जड जातं ते गॅस, जागेचं भाडं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची रोजची मजुरी, आणि त्याहून जड जातं वाट पाहणं. शहरातल्या केंद्राने शंभर थाळ्या विकल्या तर त्या दिवशी हातात येतात हजार रुपये. उरलेले चार हजार अनुदानाच्या बिलातून, ते येतील तेव्हा. पाचातले चार रुपये उधारीवर ठेवून रोज स्वयंपाक करायचा असा हा धंदा आहे. अनुदान महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये राज्यभरातल्या चालकांनी केल्या. दर ठरला तोही २०२० च्या बाजारभावावर. मोठ्या खानावळीला हे झेपतं, बचत गटाला झेपत नाही. किराणावाला उधारी थांबवतो तेव्हा त्याचा पहिला परिणाम डाळीवर दिसतो.

म्हणून ताट बघून केंद्राची तब्येत ओळखता येते. वाटीतलं वरण पाच मिनिटांत खाली डाळ आणि वर पिवळं पाणी असं फाटलं तर डाळ कमी पडली आहे किंवा नीट शिजवून घोटलेली नाही. तीन-चार दिवस सलग बटाट्याचा रस्सा असेल तर भाजीबाजाराची उधारी थकली आहे असं समजावं, कारण बटाटा स्वस्तात वाटी भरतो. चपाती कडेने चामट आणि मधे ओलसर लागली तर ती सकाळी लवकर करून गरम असतानाच डब्यात दाबलेली आहे, वाफ कोंडून ती तशी होते. चांगल्या केंद्रावर चपात्या जाळीवर पसरून कोमट करतात आणि मग कापडात गुंडाळतात. सलग आठवडाभर ही लक्षणं दिसली तर समजावं की केंद्र बंद व्हायच्या वाटेवर आहे, जवळचं दुसरं पाहून ठेवावं. आजवर अनेक केंद्रं अशीच मिटली आहेत, त्यामुळे लांबून येणार असाल तर चालू आहे का ते आधी विचारून निघा.

स्वस्त जेवणाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. ती काही वर्षांत विरली, बऱ्याच स्टॉलवर पुढे वडापाव आणि चायनीज विकलं जाऊ लागलं. तमिळनाडूतली अम्मा उनवगम २०१३ पासूनची, बंगळुरूची इंदिरा कॅन्टीन २०१७ ची. तिथे पैसे द्या, टोकन घ्या, खा, एवढाच मामला. या सगळ्यांहून आम्हाला मोठा वाटतो तो पुण्याच्या हमाल पंचायतीचा 'कष्टाची भाकर' हा उपक्रम, बाबा आढावांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. ना नफा ना तोटा, रोख पैसे, पोटभर झुणका-भाकर, आणि चालवणारे कष्टकरीच. तिथे जेवणाऱ्याला गरीब व गरजू म्हणवून घ्यावं लागत नाही. शिवभोजनाचा शासकीय मजकूरच 'गरीब व गरजू जनतेसाठी' असा आहे, आणि केंद्राच्या फलकावर हे शब्द ठळक अक्षरांत असले की त्याखालून आत शिरताना माणूस आजूबाजूला बघून घेतो. फलकावर नुसतं 'जेवण १० रुपये' आणि वेळ लिहिली तर काय बिघडेल? सरकारी कर्मचाऱ्यांना या सवलतीत जेवायला बंदी आहेच. बाकी कुणी श्रीमंत दहा रुपयांच्या थाळीसाठी रांगेत उभा राहत नाही.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकाही इथे आठवतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पगारावर महिन्याचे पैसे चुकते करणारे कितीतरी गडी त्या बायकांच्या ताटावर उधारीने जेवले. अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५ पासून अशाच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. काम गेलेल्या माणसाला उधारीवर वाढणाऱ्याची स्वतःची उधारी कुणीतरी सांभाळावी लागते, ही गोष्ट तेव्हाही तशीच होती. शिवभोजन चालवणाऱ्या गटांना निदान दोन महिन्यांचं अनुदान आगाऊ मिळालं तर वरणातली डाळ आपोआप वाढेल.

बसायची सोय नियमाने एका वेळी २५ जणांची हवी. प्रत्यक्षात कुठे सहा खुर्च्या आणि बाकी उभ्याने. स्टीलचं ताट, धुतलेला पेला, हात धुवायला साबण, पिण्याच्या पाण्याला झाकण, या चार गोष्टी जिथे आहेत तिथे सहसा माणसाशी बोलणंही नीट असतं. कागदी द्रोणात वाढून 'लवकर आटपा' म्हणणाऱ्या ठिकाणी परत जाऊ नये.

तक्रार करायची तर तालुक्याला तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, जिल्ह्याला जिल्हा पुरवठा अधिकारी, मुंबई-ठाणे भागात शिधावाटप कार्यालय. साध्या कागदावर केंद्राचं नाव किंवा ठिकाण, तारीख, वेळ, आणि ताटात काय कमी होतं ते मापासकट लिहावं: चपाती एकच दिली, वरण दिलं नाही, अकराची वेळ असून पाऊण वाजता उघडलं, दहाऐवजी पंधरा घेतले. ताटाचा फोटो मोबाइलवर काढून जोडला तर बरं. अर्जाची पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसकट. 'व्यवसाय' या रकान्याचा छापील अर्ज पुढे केला तर तो कोरा सोडावा. जेवणाबद्दल तक्रार करायला त्याची गरज नाही.